रुपेरी पडद्यावरचा ट्रकवाला

हिंदी चित्रपट पाहणाऱ्या माणसाला ट्रक-ड्रायव्हर कसा असतो हे वेगळे सांगावे लागत नाही. डोक्याला पगडी नाही तर गळ्यात रुमाल, कमरेला लुंगी, हातात पेला, तोंडात शिवी. ढाब्याच्या बाजेवर आडवा पडून मोठ्याने हसणारा आणि रस्त्यात मुलगी दिसली की हॉर्न वाजवणारा. तो चांगला असला तर नायिकेला आडरस्त्यावरून शहरात सुखरूप पोचवतो आणि पुढच्या प्रसंगात नाहीसा होतो. वाईट असला तर कथेतल्या एखाद्या भल्या माणसाला चिरडतो, आणि तेव्हाही नाहीसाच होतो. त्याला नाव नसते. त्याला घर असते की नाही, हे विचारण्याचे दिग्दर्शकाला कारणच पडत नाही.

माझे वडील ट्रक चालवतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून कांदा भरून ते कधी चेन्नईला, कधी कलकत्त्याच्या बाजूला जातात. तेव्हा या विषयात मी तटस्थ आहे असा दावा करणार नाही. गेल्या वर्षी वर्गातील एका मैत्रिणीने मला अगदी सहज विचारले, “ड्रायव्हर लोक फार पितात ना गं?” तिच्या मनात काही वाईट नव्हते. तिच्या घरी कोणी ड्रायव्हर नाही, शेजारी नाही, नात्यातही नाही. मग हे ज्ञान तिला मिळाले कुठून? विचार करता करता माझ्या लक्षात आले की ते तिला पडद्यानेच दिले असणार. तेव्हापासून ट्रक असलेले जेवढे चित्रपट मिळाले तेवढे मी पाहिले. काही महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात, पुष्कळसे मोबाईलवर. त्यातून जे उमजले ते येथे मांडते.

प्रथम हे पाहू की चित्रपटवाल्यांना ट्रक आवडतो कशासाठी. वास्तविक ट्रक ही कथा रचायला मोठी सोयीची वस्तू आहे. रस्ता म्हटला की अनोळखी माणसे भेटणार, वाट चुकणार, रात्र होणार. केबिन म्हणजे चालती-बोलती खोली. दोन माणसे शेजारी शेजारी तासन् तास बसणार, त्यांना उठून जाता येणार नाही, मग ती बोलणार नाहीत तर काय करतील? शिवाय देश दाखवायचा असेल तर ट्रकसारखे साधन नाही. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपुरात ट्रक बनवण्यास आरंभ केला, आणि ते लांब नाकाचे, बोनेटवाले ट्रक पुढे कितीतरी वर्षे रस्त्यांवर दिसत राहिले. जुने चित्रपट पाहताना मला कथेपेक्षा या गाड्या पाहण्यातच जास्त मौज वाटते.

पण केबिनमधील जुने प्रसंग नीट पाहिले तर हसू आवरत नाही. त्या काळी ते बहुधा स्टुडिओतच घेत. गाडीचे अर्धे धूड जागेवर उभे करून मागच्या पडद्यावर आधी टिपलेला रस्ता फिरवायचा, एका बाजूला माणसाने ती थोडी हलवायची, की झाला प्रवास. मागे रस्ता सरळ असतो आणि नायक मात्र चाक डावीकडे-उजवीकडे फिरवत असतो. बोलताना तो नायिकेकडे इतका वेळ पाहतो की तेवढ्यात खरी गाडी दोन शेते ओलांडून विहिरीत गेली असती! अण्णांना अशा वेळी गाणे ऐकू येत नाही; ते फक्त “पुढं बघ, पुढं बघ” म्हणत राहतात.

परदेशी चित्रपटांत ट्रकवाला जरा लवकर नायक झाला. १९४० साली राऊल वॉल्श या दिग्दर्शकाने ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ हा चित्रपट काढला. जॉर्ज राफ्ट आणि हम्फ्री बोगार्ट यांनी त्यात दोन भावांचे काम केले आहे. हे भाऊ स्वतःच्या एका ट्रकवर माल वाहतात, हप्त्यासाठी सावकार पाठीशी लागलेला असतो आणि झोप ही त्यांची खरी वैरीण असते. शेवटी धाकटा भाऊ चाकावर पेंगतो आणि अपघातात हात गमावतो. हा अर्धा भाग मला फार खरा वाटला. पण त्यानंतर चित्रपट जो रस्ता सोडतो तो कायमचा! पुढे मालकाची बायको, खून आणि न्यायालय. ट्रकवाल्याचे दुःख तासभर पुरते, मग त्याला खुनाची फोडणी द्यावी लागते असे त्या काळच्या निर्मात्यांना वाटत असावे. आजही वेगळे वाटत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला स्टीव्हन स्पीलबर्गचा १९७१ चा ‘ड्युएल’ आहे. हा मुळात दूरचित्रवाणीसाठी काढलेला चित्रपट. एक साधा विक्रेता आपल्या मोटारीतून निघाला आहे आणि एक गंजका, धुराने माखलेला टँकर त्याच्या जिवावर उठला आहे. का उठला हे शेवटपर्यंत कळत नाही. ड्रायव्हरचा चेहरा तर एकदाही दाखवलेला नाही. कधी खिडकीबाहेर हात दिसतो, कधी बूट दिसतात. चित्रपट म्हणून तो जबरदस्त आहे, मी श्वास रोखून पाहिला. परंतु पाहून झाल्यावर वाटले, आपल्या चित्रपटांतला माणसे चिरडणारा ट्रक तरी याहून वेगळा काय आहे? मोटारीत बसलेल्याला ट्रक असाच दिसतो. मोठा, काळा आणि बिनचेहऱ्याचा. कॅमेरा मोटारीत ठेवायचा की ट्रकच्या केबिनमध्ये, यावरच अर्धी गोष्ट ठरून जाते.

सॅम पेकिनपाहच्या १९७८ च्या ‘कॉन्व्हॉय’मध्ये कॅमेरा केबिनमध्ये चढला. पण तिथला ड्रायव्हर बंडखोर वीर झाला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घालण्यात आली, आणि पोलीस पुढे कुठे दबा धरून बसलेत हे ड्रायव्हर एकमेकांना रेडिओवर सांगू लागले. त्या रेडिओच्या वेडातून आधी एक गाणे गाजले आणि त्या गाण्यावरून हा चित्रपट निघाला. ट्रकांची लांबच लांब रांग, धूळ, मारामारी. ठीक आहे. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे मला काही सापडले नाही.

मात्र एका फ्रेंच चित्रपटाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आंरी-जॉर्ज क्लुझो यांचा ‘द वेजेस ऑफ फिअर’, साल १९५३. इंग्रजी अक्षरे वाचता वाचता चित्र निसटते म्हणून मी तो दोनदा पाहिला. दक्षिण अमेरिकेतील एका भिकार गावात निरनिराळ्या देशांचे बेकार लोक अडकून पडले आहेत. परत जायला भाडे नाही आणि राहायला काम नाही. सुमारे तीनशे मैलांवर एका तेलविहिरीला आग लागते. ती विझवायला नायट्रोग्लिसरीन हवे, आणि ते असे भयंकर द्रव्य की मोठा धक्का बसला तर ट्रकचा मागमूस राहणार नाही. तेलकंपनी चार माणसे निवडते, दोन ट्रक देते आणि प्रत्येकी २,००० डॉलर कबूल करते. कामगार संघटनेतली माणसे या कामाला का पाठवत नाहीत, तर ती मेली तर विचारणारे कोणी असते. या चौघांना विचारणारे कोणी नाही.

गंमत म्हणजे गाड्या निघेपर्यंत चित्रपटाचा पहिला तासभर निघून जातो. तोवर नुसते गाव, ऊन, माशा आणि रिकामे बसलेले पुरुष. मंडळातील काही मुले कंटाळून उठून गेली. मला मात्र वाटले की हा माणूस ट्रकचा धंदा जाणतो, कारण ट्रक चालू होण्याआधीची बेकारी दाखवली नाही तर ट्रकमध्ये माणूस का चढतो ते कळणारच नाही. एकदा गाड्या निघाल्या की मग प्रत्येक प्रसंगाला चालवण्याचे गणित आहे. एका ठिकाणी रस्त्यावर पत्र्यासारख्या बारीक वळ्या पडल्या आहेत. तिथे एक तर गोगलगायीसारखे जायचे किंवा इतक्या वेगाने की चाके वळ्यांच्या माथ्यावरून तरंगत जावीत. मधला वेग म्हणजे मरण. आणि पुढची गाडी हळू, मागची वेगात असे झाले तर? दुसरीकडे घाटाच्या वळणावर कुजक्या लाकडी फळ्यांवर गाडी मागे घ्यायची आहे. येथे शौर्य म्हणजे गुंडांना लोळवणे नव्हे. क्लच किती सोडायचा हे पायाला कळणे, हेच शौर्य. अण्णांना मी हा वळणाचा भाग दाखवला तेव्हा त्यांनी मोबाईल हातात घेऊन तो पुन्हा लावायला सांगितला. भाषा कळायची गरज पडली नाही.

आता आपल्याकडे वळू. हिंदीत ट्रक-ड्रायव्हरला खऱ्या अर्थाने नायक करणारा गाजलेला चित्रपट म्हणजे दुलाल गुहा यांचा ‘दुश्मन’, सत्तरच्या दशकाच्या आरंभीचा. राजेश खन्ना त्यात सुरजित सिंग नावाचा ड्रायव्हर आहे. दारूच्या नशेत त्याच्या गाडीखाली एक शेतकरी मरतो. न्यायाधीश त्याला तुरुंगात न धाडता एक वेगळीच शिक्षा देतात: ज्या घराचा कर्ता पुरुष मारला त्या घरात राहून त्यांची शेती कर, त्यांना पोस. मृताची विधवा, म्हणजे मीना कुमारी, त्याला ‘दुश्मन’ म्हणूनच हाक मारते. हळूहळू घर त्याला आपला मानते. कल्पना उदात्त आहे आणि मीना कुमारीचे डोळे पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी आले. पण हा माणूस चांगला होतो तो केव्हा? ट्रक सुटून नांगर हातात आल्यावर! म्हणजे शेतीत पुण्य आणि सडकेवर पाप, असा हा सरळ हिशेब आहे. चित्रपट त्याला सुधारतो खरा, पण ड्रायव्हर म्हणून नव्हे. आमच्या भागात कितीतरी जण उलट्या वाटेने आले आहेत. शेती तुटपुंजी पडली म्हणून स्टिअरिंग हाती घेतले.

या चित्रपटाची आठवण मला २०२४ च्या जानेवारीत पुन्हा झाली. आदल्या महिन्यात संमत झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशी तरतूद होती की अपघातात माणूस दगावला आणि चालक पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला, तर त्याला १० वर्षांपर्यंत कैद व्हावी. देशभर ड्रायव्हर गाड्या उभ्या करून बसले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलल्याशिवाय अंमल करणार नाही असे सरकारने सांगितले, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. त्या दिवसांत सर्वांचा प्रश्न एकच होता: चूक केली नाही तर पळता कशाला? प्रश्न रास्त आहे. मेलेल्याच्या घराच्या बाजूने तर फारच रास्त आहे. पण ड्रायव्हरांचे उत्तर ऐकायला फार थोडे थांबले. ते म्हणत होते, थांबलो तर जमाव पोलीस येईपर्यंत जिवंत ठेवत नाही. चूक कोणाची हे पाहत नाही, मोठी गाडी कोणाची हे पाहतो. ‘दुश्मन’मधले न्यायाधीश प्रत्येक न्यायालयात नसतात, आणि न्यायालयापर्यंत पोचायला आधी जमावातून जावे लागते. हा रस्त्यावरचा अर्धा तास, निर्णयाचा आणि भीतीचा, कोणी पडद्यावर नीट दाखवला तर त्याच्या एवढा थरारक चित्रपट दुसरा होणार नाही.

तसेच ते ब्रेक निकामी होण्याचे. आपल्या चित्रपटांत खलनायकाचा माणूस रात्री येऊन नळी कापतो; सकाळी नायक पाय दाबतो, ब्रेक लागत नाही, घाट, किंकाळी, दरी. खऱ्या रस्त्यावर नळी कापणारा कोणी येत नाही. ड्रायव्हरला मालक अमुक किलोमीटरला अमुक डिझेल असा हिशेब बांधून देतो. त्यात वाचले तर चार पैसे सुटतात, जास्त लागले तर बोलणी खावी लागतात. मग उतार आला की गाडी न्यूट्रल करायची किंवा इंजिनच बंद करायचे, अशी सवय काहींना लागते. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद केले की हवा भरणे थांबते. चार-सहा वेळा पाय दाबला की टाकीतला दाब उतरतो. शिवाय गिअर नसल्यामुळे इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार एकट्या ब्रेकवर येऊन ते तापतात आणि धरत नाहीत. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिली, तेव्हाही चालकाने इंजिन बंद केल्याचे पोलिसांनी सांगितले होते. म्हणजे नळी कापली जाते ती हिशेबाच्या वहीत. पण वही खलनायक म्हणून पडद्यावर कशी दाखवणार?

वहीवरून आठवले. ट्रकच्या धंद्यात जे सर्वांत जास्त असते तेच चित्रपटात सर्वांत कमी असते, ते म्हणजे थांबणे. पडद्यावरचा ट्रक सदैव धावत असतो. खरा ट्रक हुंडेकऱ्याच्या दारात भाड्याची वाट पाहतो, बाजारात माल भरण्याची, बिल्टी तयार होण्याची, नाक्यावर कागद तपासून होण्याची, आणि मुक्कामी पोचल्यावर गाडी खाली होण्याची. खाली करणाऱ्यांना वाराई द्यावी लागते, ती कोणी द्यायची यावर वाद होतात. परतीचे भाडे मिळेपर्यंत पुन्हा थांबणे. पूर्वी शहराच्या वेशीवर जकातीची रांग असे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली. पुढे टोलनाक्यावर फास्टॅग आला. या गोष्टींनी वेळ वाचला हे अण्णाही मान्य करतात. पण कांद्याची गाडी दोन दिवस उभी राहिली तर आतला माल गरम होऊ लागतो, ताडपत्री बाजूने वर करून वारा द्यावा लागतो, आणि माल खराब निघाला की पहिला संशय ड्रायव्हरवर. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, लांब पल्ल्याला फार तर १० तास काम असे ठरवून दिले होते. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच फार. उभ्या गाडीतील दोन दिवस तर कामाचे तास म्हणून कोणीच मोजले नाहीत.

मग या थांबण्यावर चित्रपटवाल्यांचा उपाय काय? नाचगाणे. ढाबा आला की बाई नाचते. माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचा उगम येथेच आहे. ड्रायव्हर पीत नाहीत असे मी म्हणणार नाही. काही पितात, काही झोप येऊ नये म्हणून त्याहून वाईट वस्तू खातात. पण जो माणूस रात्री दोन वाजता ढाब्यावर उतरतो त्याला बहुधा दोनच गोष्टी हव्या असतात, गरम चपाती आणि पाठ टेकायला जागा.

अलीकडच्या चित्रपटांचे थोडक्यात सांगते. ‘गदर’ (२००१) मधला तारासिंग ट्रक-ड्रायव्हर आहे हे पुष्कळांच्या लक्षातही राहत नाही, कारण त्याचे खरे काम हातपंप उपटणे हे आहे. इम्तियाज अली यांच्या ‘हायवे’त (२०१४) श्रीमंत घरच्या मुलीला पळवून ट्रकमधून उत्तर भारतभर फिरवतात आणि तिला त्या प्रवासात मोकळे वाटू लागते. आलिया भट्टचे काम सुंदर आहे. मात्र ज्या रस्त्यावर तिला स्वातंत्र्य सापडते त्याच रस्त्यावर दुसऱ्या कोणाची नोकरी असते, ही गोष्ट कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरच राहिली. मराठीत मी जे चित्रपट पाहिले त्यांत मला एसटीचे कंडक्टर, रिक्षावाले आणि हवालदार भेटले. ट्रकवाला नायक भेटला नाही.

आणि मग ‘मील पत्थर’. इव्हान आयर या दिग्दर्शकाचा हा चित्रपट २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर आला. नायक गालिब हा दिल्लीतल्या एका वाहतूक कंपनीचा ड्रायव्हर. काम सुविंदर विकी यांचे. त्याने नुकताच पाच लाख किलोमीटरचा टप्पा गाठला आहे. त्याची बायको वारली आहे आणि तिच्या माहेरची माणसे त्याच्याकडे भरपाई मागत आहेत. हमालांचा संप असल्याने त्याला स्वतः माल उचलावा लागतो आणि पाठ धरते. ही पाठ संपूर्ण चित्रपटभर दुखत राहते. एका जुन्या सहकाऱ्याची नजर अधू झाली म्हणून कामावरून काढले जाते. गालिबच्या हाताखाली पाश नावाचा तरुण शिकायला दिला जातो, आणि तो शिकला की आपली जागा जाणार हे गालिबला कळते. शिकवावे तरी पंचाईत, न शिकवावे तरी पंचाईत. दोघांची नावे कवींची, पण चित्रपटात काव्य म्हणून काही घातलेले नाही. धुके, पिवळे दिवे, ऑफिसातला चहा आणि न बोलणारी माणसे.

यात मारामारी नाही, ढाब्यावर नाच नाही, ब्रेक निकामी होत नाही. काही जणांना तो संथ वाटेल. मला त्यातले सर्वांत खरे वाटले ते गालिबचे घर. तो दार उघडून आत येतो तेव्हा घराला त्याची सवय नसते. भांडी कुठे आहेत हे त्याला शोधावे लागेल असे वाटते. आमच्या घरीही अण्णा खेपेवरून आल्यावर पहिला दिवस असाच जातो. आईच्या कामाच्या वाटेत ते उभे राहतात, ती म्हणते, “अहो, जरा बाजूला बसा,” आणि ते बाजेवर जाऊन बसतात. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते ओरिसात कुठेतरी होते. मोबाईलला रेंज नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी टक्के विचारले आणि मग बराच वेळ नुसता इंजिनचा आवाज येत राहिला.

गेल्या दिवाळीत मी हा चित्रपट घरात सर्वांना मोबाईलवर दाखवला. आईने मध्येच विचारले, “ह्याची बायको गेली तेव्हा हा कुठं होता?” मी अण्णांकडे पाहिले. ते चित्र पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “पाच लाख काय घेऊन बसलेत? आपल्या गाडीचा मीटर दोनदा बंद पडलाय. नवा बसवला तेव्हा शून्यापासून धरला, नाहीतर केव्हाच झाले असते.”